पूलचं पाणी नीट फिरत नसेल तर शेवाळ कसं रोखायचं

कर्जतच्या पुढे आमचं एक छोटं फार्महाऊस आहे, वीकेंडला भाड्याने देतो, आणि तिथला पूल मी आणि आमचे केअरटेकर दादा असे दोघं मिळून बघतो. पहिली २ वर्षं आमचं दर आठवड्याला हेच चालायचं, गुरुवारी पाणी निळंशार, आणि शनिवारी सकाळी पाहुणे गाडीतून उतरायच्या आत लहान मुलांच्या बाजूच्या कोपऱ्यात हिरवट छटा. मग धावपळ, क्लोरीन ओता, मोटर दिवसभर चालू ठेवा, पाहुण्यांना सांगा की दुपारपर्यंत पाण्यात उतरू नका. मला वाटायचं क्लोरीन कमी पडतंय, म्हणून दर वेळी थोडं जास्त टाकायचे. आणि एक दिवस दादांनी शिडीमागच्या टाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ताई, हात लावून बघा. टाइल दिसायला पांढरी स्वच्छ, पण बोटाला बुळबुळ लागली. तिथून ४ मीटरवर, जिथून फिल्टरचं पाणी परत येतं तिथे हात लावला तर टाइल एकदम करकरीत. एकच पूल, एकच पाणी, एकच क्लोरीन. आडात होतं पण पोहऱ्यात येत नव्हतं.

तेव्हापासून मी शेवाळाकडे वेगळ्या नजरेने बघते. शेवाळ सगळ्या पूलमध्ये एकदम होत नाही, ते जिथे पाणी हलत नाही तिथे आधी मूळ धरतं, कारण तिथलं क्लोरीन संपून जातं आणि नवीन तिथपर्यंत पोचत नाही. एकदा तिथे थर बसला की तो बाकीच्या पाण्यातलंही क्लोरीन खायला लागतो. म्हणून ज्यांच्या पूलमध्ये पाणी फिरण्याचीच बोंब आहे त्यांनी डबे रिकामे करण्याआधी पाणी फिरवण्याकडे बघा. खाली आम्ही जे जे केलं ते क्रमाने लिहिते, पूल आमच्यासारखा घरगुती किंवा छोट्या व्हिलाचा आहे असं धरून.

आधी आपला पूल किती लिटरचा ते काढा

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग सगळं अंदाजपंचे चालतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला १००० ने गुणलं की लिटर. आमचा पूल एल आकाराचा आहे, मोठा भाग ९ बाय ४ आणि सरासरी खोली १.३, म्हणजे ४६,८०० लिटर, मुलांचा भाग ३ बाय २.५ आणि खोली ४५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ३,४००. एकूण ५० हजार लिटर. हा आकडा प्लांट रूमच्या, म्हणजे पंप-फिल्टरच्या खोलीच्या, दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचे सगळे हिशोब यावरच आहेत.

मग पंप तासाला खरोखर किती पाणी फिरवतो ते बघा. पंपावरच्या पाटीवरचा आकडा धरू नका, पाइप लांब असेल, एल्बो जास्त असतील, फिल्टर जुना असेल तर प्रत्यक्षात बरंच कमी येतं. आम्ही साधा उपाय केला, २०० लिटरचा ड्रम घेतला, फिल्टरचा व्हॉल्व्ह वेस्टवर, म्हणजे पाणी फिल्टरमधून न जाता बाहेर सोडण्याच्या खुणेवर, ठेवून पाइप ड्रममध्ये सोडला आणि मोबाईलवर वेळ लावली. ८० सेकंदात भरला, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर, तासाला ९,००० लिटर. फिल्टरमधून जाताना याहून थोडं कमीच असणार. म्हणजे ५० हजार लिटर एकदा फिरायला साडेपाच ते सहा तास.

पण इथे एक गंमत आहे जी मला खूप उशिरा कळली. पूलमधलं पाणी एकदा फिरवलं म्हणजे सगळं पाणी फिल्टरमधून गेलं असं होत नाही, कारण स्वच्छ होऊन आलेलं पाणी परत त्याच पाण्यात मिसळतं. पाणी अगदी छान मिसळतंय असं धरलं तरी एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६ आणि तीन फेऱ्यांत ९५. हे छान मिसळणाऱ्या पूलचं झालं. कोपऱ्यात अडकलेलं पाणी तर या हिशोबात येतच नाही.

पाणी कुठे अडतंय ते डोळ्यांनी बघा

केकमध्ये घालतात तो खाण्याचा लिक्विड रंग आणा, लाल किंवा निळा, आणि सुई काढलेली एक सिरिंज. पाण्यात कोणी नसताना पंप चालू ठेवा, १० मिनिटं जाऊ द्या, मग कोपऱ्यात वाकून हात कोपरापर्यंत पाण्यात घालून थोडासा रंग हळूच सोडा आणि बघत राहा. जिथे पाणी चालू आहे तिथे रंगाची रेघ लांबत जाऊन काही सेकंदात दिसेनाशी होते. जिथे पाणी थांबलेलं आहे तिथे रंगाचा ढग तसाच तरंगत राहतो. आमच्या मुलांच्या भागात तो ढग कितीतरी वेळ जागचा हलला नाही, आम्ही दोघं कडेला बसून नुसते बघत होतो. रंगाची काळजी करू नका, क्लोरीन तो खाऊन टाकतं, फक्त थोडासाच वापरा.

हे सगळीकडे करा. चारही कोपरे, पायऱ्यांची आतली बाजू, शिडीच्या मागे, पाण्याखालच्या लाइटच्या खोबणीत, बसायचा कट्टा असेल तर त्याच्या खाली, जाकुझी किंवा बेबी पूल जोडलेला असेल तर तिथे. मग त्याच जागांवर क्लोरीन टेस्ट करा. नमुना वरवरचा घेऊ नका, कोपरभर खोलीवरून घ्या. आमच्याकडे इनलेटजवळ, म्हणजे फिल्टरचं पाणी परत येतं तिथे, २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) होतं आणि मुलांच्या कोपऱ्यात अर्धा. तोपर्यंत आम्ही कायम एकाच जागेवरून, तेही इनलेटजवळून, नमुना घ्यायचो आणि सगळं ठीक आहे असं समजायचो!

मुलांचा उथळ भाग आणखी एका कारणाने लवकर बिघडतो. तिथे पाणी कमी, ऊन थेट तळापर्यंत, पाणी लवकर तापतं आणि उन्हाने क्लोरीनही लवकर उडतं. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन, त्याबद्दल पुढे) नसलेलं क्लोरीन भर उन्हात पाऊण तासात निम्मं होतं. त्यात एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पाणी ३० डिग्रीच्या वर जातं, शेवाळाला आणखी काय पाहिजे.

वाटेतले अडथळे काढा

नवीन काही विकत घ्यायच्या आधी हे करा, बऱ्याच जणांचं अर्धं काम इथेच होईल.

स्किमर म्हणजे वरचं पाणी आणि कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड, त्याची टोपली आणि पंपापुढच्या स्ट्रेनरची, म्हणजे गाळणीची, टोपली रोज बघा. आमच्याकडे शेजारी आंबा आणि चाफा आहे, मोहराच्या दिवसात टोपली दिवसातून दोनदा भरते. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर पाहिजे, खाली गेली की पंप हवा ओढतो, खूप वर गेली की वरचा कचरा ओढला जात नाही. स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणातून बघितलं की सतत बुडबुडे दिसत असतील तर कुठूनतरी हवा आत येतेय, बहुतेक वेळा झाकणाची रबर रिंग. ती पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन लावू नका, त्याने रबर फुगतं.

मग वाळूचा फिल्टर. बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टरमधली घाण बाहेर काढणं) केल्या केल्या प्रेशरचा काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण करा. त्याहून साधारण चौथा हिस्सा वाढला की बॅकवॉशची वेळ झाली, म्हणजे खूण ०.८ ला असेल तर १ ला आल्यावर. प्रेशर वाढलं म्हणजे फिल्टर चोंदला, आणि प्रेशर नेहमीपेक्षा खाली गेलं म्हणजे पंपाच्या अलीकडे काहीतरी अडलंय, टोपली, स्किमर किंवा हवा. व्हॉल्व्हचं हँडल फिरवताना पंप बंदच पाहिजे, चालू पंपावर फिरवलं की आतला गॅस्केट जातो आणि मग घाण पाणी गुपचूप परत पूलमध्ये यायला लागतं. बॅकवॉशनंतर अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे सरळ दिशेने पाणी सोडून ते बाहेर टाकणं, विसरू नका. वाळू ५ ते ७ वर्षांनी बदलावी लागते, त्याच्या आधीही झाकण उघडून बघा, वाळूचे गोळे झाले असतील किंवा चर पडले असतील तर पाणी त्या चरांतून न गाळताच निघून जातं.

स्किमर आणि तळातला मेन ड्रेन यांना वेगवेगळे व्हॉल्व्ह असतील तर दोन्हीकडून साधारण निम्मं निम्मं ओढू द्या. आमच्याकडे मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून जवळजवळ बंद होता, म्हणजे फक्त वरचंच पाणी फिरत होतं. पण तो उघडण्याआधी तळातली जाळी धडधाकट आहे, स्क्रू घट्ट आहेत हे स्वतः बघा. जाळी तुटकी किंवा सैल असेल तर पूल बंद, कोणालाही उतरवायचं नाही, त्या ओढीत लहान मुलाचे केस किंवा हात अडकला तर सुटत नाही. यात कोणतीही सवलत नाही.

नोझलची दिशा, ही सगळ्यात कामाची गोष्ट

आमच्या पूलचा मूळ दोष असा निघाला की बांधणाऱ्याने पाइप वाचवायला दोन्ही इनलेट आणि स्किमर एकाच भिंतीत, प्लांट रूमच्या बाजूला घेतले होते. म्हणजे फिल्टर होऊन आलेलं स्वच्छ पाणी बाहेर पडायचं आणि २ मीटरवरच्या स्किमरमधून लगेच परत आत जायचं. तेच तेच पाणी दिवसभर फिरतंय आणि समोरचा कोपरा तहानलेला. अशा बऱ्याच पूलमध्ये असतं, तुमच्याकडे बघा.

इनलेटच्या तोंडाशी असलेल्या नोझलमध्ये डोळ्यासारखा गोल चेंडू असतो, बाहेरची रिंग थोडी सैल केली की तो कुठेही वळवता येतो. रिंग हातानेच सुटते, पान्हा लावू नका, प्लास्टिक फुटतं. आता सगळे नोझल असे वळवा की पाणी पूलमध्ये एकाच दिशेने गोल फिरेल, घड्याळाच्या काट्यासारखं किंवा उलटं, काहीही चालेल पण सगळे एकाच दिशेने. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल तर ते मधे एकमेकांना मारतात आणि जोर संपतो. स्किमरच्या सर्वात जवळच्या नोझलचं तोंड स्किमरच्या विरुद्ध बाजूला. आणि दोनपैकी एक नोझल थोडा खाली, समोरच्या तळाच्या दिशेने वाकवा, कारण वरवर लाटा छान दिसतात पण शेवाळाला खालचा तळ आणि कोपरा आवडतो.

चेंडू हरवला असेल आणि नुसतं भोक उरलं असेल तर पाणी भसकन बाहेर येतं आणि तिथेच जिरतं. चेंडू बसवा. लहान भोकाचा बसवला तर धार लांबपर्यंत जाते, फक्त बसवल्यावर प्रेशरचा काटा बघा, फार वर गेला तर परत मोठा लावा. प्रत्येक बदलानंतर परत रंग सोडून बघा. आम्हाला ३ रविवार लागले, थोडं वळव, रंग सोड, परत वळव. शेवटी लांबचा कोपरा सुटला, मुलांच्या भागातही ढग हलायला लागला पण हळू, अगदी हळू.

तिथे मग दुसरा उपाय केला. व्हॅक्यूमचा जो लांब निळा पाइप असतो त्याचं एक टोक एका इनलेटला ॲडॉप्टरने जोडलं आणि दुसरं टोक मुलांच्या भागाच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलं, विटेला बांधून. रात्री पंप चालू असेल तोवर स्वच्छ, क्लोरीन असलेलं पाणी थेट तिथे. खर्च जवळजवळ शून्य. सकाळी पाहुणे उतरायच्या आधी पाइप काढून ठेवायचा, पाण्यात पाइप ठेवून कोणाला पोहू द्यायचं नाही, पाय अडकतो.

काही लोक कोपऱ्यात सबमर्सिबल मोटर सोडून पाणी फिरवतात. पाणी फिरतं, नाही असं नाही, पण माझा जीव वरखाली होतो. करायचंच असेल तर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट लीक झाला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर, पाण्यात कोणीही नसताना, आणि काम झाल्यावर प्लग काढून मोटर बाहेर. पाण्यात माणूस आणि पाण्यात चालू मोटर हे कधीही एकत्र नको. पुढेमागे टाइल बदलायच्या असतील तेव्हा समोरच्या भिंतीत एक जादा इनलेट काढून घ्या, तो खरा कायमचा उपाय.

पंप किती वेळ आणि कधी

वरच्या ड्रमच्या हिशोबाने आम्ही उन्हाळ्यात रोज दोन फेऱ्या होतील इतका, म्हणजे ११-१२ तास चालवतो, थंडीत ७-८. एका दमात नाही. सकाळी ४ तास, दुपारी थोडा, आणि संध्याकाळी क्लोरीन टाकल्यावर रात्रीपर्यंत. ज्या पूलमध्ये पाणी कमी फिरतं तिथे सलग १६ तास पंप बंद असणं सर्वात वाईट, तेवढ्या वेळात कोपऱ्यातलं क्लोरीन शून्य होतं.

क्लोरीन, आणि टॅब्लेटचा सापळा

इथे जरा सविस्तर लिहिते कारण आम्ही इथेच सगळ्यात जास्त पैसे घालवले.

बाजारात तीन प्रकार मिळतात. लिक्विड क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण १० टक्के. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्के. आणि टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड), पावडर किंवा गोळ्या. टीसीसीए सोपं पडतं म्हणून सगळे तेच वापरतात, आम्हीही. पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग सायन्युरिक ॲसिड असतो, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं असलं की चांगलं, क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पण क्लोरीन वापरलं जातं आणि हे ॲसिड तसंच राहतं, साठत जातं, आणि जितकं साठेल तितकं क्लोरीन आळशी होतं. आमच्या ५० हजार लिटरमध्ये १ किलो टीसीसीए टाकलं की स्टॅबिलायझर ११ पीपीएमने वाढतं. रोज १०० ग्रॅम टाकलं तर २ महिन्यांत ६६. आम्ही टेस्ट केली तेव्हा १२० निघालं.

क्लोरीन कमीत कमी स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी पाहिजे. स्टॅबिलायझर ४० असेल तर क्लोरीन ३ पुरतं. १२० असेल तर ९ पाहिजे! आणि आम्ही २ वर खुश होतो. त्यामुळे किट गुलाबी दाखवतंय आणि पाणी हिरवं होतंय, हे कोडं तिथे सुटलं. स्टॅबिलायझर कमी करायचं औषध म्हणून काही विकतात, त्याच्या मागे लागू नका, पाणी बदलणं हाच मार्ग. १२० चं ४० करायला दोन तृतीयांश पाणी बदललं, म्हणजे १० हजार लिटरचे ३ टँकर आणि वर थोडं बोअरचं. पैसे गेले, पण त्यानंतर पूल ऐकायला लागला.

आता आम्ही स्टॅबिलायझर ३० ते ५० मध्ये ठेवतो आणि रोजचं काम लिक्विडवर चालवतो. हिशोब सोपा आहे, १००० लिटरला १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. ५० हजार लिटरला १ पीपीएमसाठी १० टक्केवालं लिक्विड अर्धा लिटर, किंवा ६५ टक्केवाली पावडर साधारण ७७ ग्रॅम. उन्हाळ्यात दिवसाला २ पीपीएम सहज जातं, म्हणजे रोज १ लिटर लिक्विड. लिक्विड उन्हात आणि जुनं झालं की कमजोर होतं, म्हणून कॅन सावलीत, आणि महिनाभराच्या वर साठा नको.

टाकायची वेळ सूर्य मावळल्यावर. पंप चालू, आणि एकाच जागी भसाभस ओतायचं नाही, कडेकडेने चालत, त्यातला निम्मा भाग मुद्दाम त्या मेलेल्या कोपऱ्यांत. इनलेटसमोर ओतलं की कोपऱ्यात आपोआप जाईल हे चांगल्या पूलला लागू आहे, आपल्याला नाही. पावडर असेल तर आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर, उलटं कधीच नाही.

आणि हे दादांनाही मी दहा वेळा सांगितलंय: टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र करू नका, एकच मग किंवा एकच बादली दोन्हीला वापरू नका, आग लागते, स्फोटही होतो. पीएच खाली आणायचं ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू होतो. दोन्ही वेगळ्या खोलीत किंवा निदान लांब लांब ठेवा आणि टाकताना मधे काही तास जाऊ द्या.

पीएच ७.२ ते ७.६. आमचं बोअरचं पाणी जड आहे, पीएच सारखा वर सरकतो आणि ८ च्या पुढे क्लोरीन सुस्त होतं. ॲसिड थोडं थोडं, एका वेळी ३०० मिलीच्या वर नाही, पंप चालू ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजून.

टेस्ट किटचं एक सांगते. पिवळ्या थेंबांचं किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात वापरलं गेलेलं निकामी क्लोरीनही आलं. गुलाबी होणारं डीपीडी किट घ्या. पण क्लोरीन खूपच जास्त असेल तर डीपीडीचा रंग उडून पाणी पांढरं दिसतं आणि माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे. संशय आला तर नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून परत करा.

मोरचूदाबद्दल विचारतात म्हणून लिहिते. द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात वापरतात तेच हे. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात साठतं, टाइलच्या सांध्यांवर निळे-हिरवे डाग पडतात ते निघत नाहीत आणि पाहुण्यांचे केस हिरवट होतात. मी बंद केलं.

ब्रश

पाणी जिथे पोचत नाही तिथे हात पोचवावा लागतो. शेवाळ दिसायच्या आधी बुळबुळीत पातळ थर होतो आणि त्या थराच्या आत क्लोरीन जात नाही. ब्रशने तो फोडला की तेच क्लोरीन काम करतं. सगळा पूल आठवड्यातून दोनदा, आणि रंग सोडून शोधलेले कोपरे रोज, क्लोरीन टाकायच्या आधी. ५ मिनिटांचं काम आहे. टाइलला नायलॉनचा ब्रश, तारेचा ब्रश फक्त सिमेंट प्लास्टरला, फायबरच्या पूलला तर अजिबात नाही. शिडीच्या पाइपमागे जुना टूथब्रश काठीला बांधून वापरतो. लाइट काढता येत असेल तर सीझनमध्ये एकदा इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून काढून घ्या, मागच्या खोबणीत काय साठलंय ते बघून धक्का बसेल.

सावलीच्या भिंतीवर पिवळी धूळ बसल्यासारखी दिसते, ब्रश मारला की उडते आणि दोन दिवसांनी परत तिथेच, ते पिवळं शेवाळ. टाइलच्या सांध्यात काळे ठिपके असतील आणि बोटाने निघत नसतील तर काळं, ते सगळ्यात चिवट, तिथे जोरात घासत राहण्याला पर्याय नाही.

आतून शेवाळ सुरू झालंय का ते एका रात्रीत कळतं

ही टेस्ट मला फार आवडते. अंधार पडल्यावर, क्लोरीन टाकून तासभर पंप चालवून रीडिंग घ्या. पहाटे ऊन यायच्या आधी परत घ्या. रात्री ऊन नाही, पोहणारं कोणी नाही, मग क्लोरीन कमी व्हायचं कारण नाही. १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे आणि ते खातंय, डोळ्यांना दिसत नसलं तरी. आम्ही हे दर बुधवारी रात्री करतो, म्हणजे बिघडलं असलं तरी वीकेंडच्या आधी २ दिवस हातात असतात.

तरीही हिरवं झालंच तर

आधी पूल बंद. तळातली जाळी स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही उतरू देऊ नका, त्या पाण्यात बुडणारा माणूस वरून दिसत नाही. पीएच ७.२ वर आणा. मग क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत न्या, म्हणजे ४० ला १६ पीपीएम. आमच्या पूलला शून्यापासून धरलं तर १० टक्केवालं लिक्विड ८ लिटर. एकदा टाकून सोडायचं नाही, दर काही तासांनी मोजून परत १६ वर आणत राहायचं, पंप २४ तास, ब्रश दिवसातून दोनदा, फिल्टर चोंदेल तसं बॅकवॉश. हिरव्याचं राखाडी होतं, मग दुधट, मग निवळतं. तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूम करताना व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवा, फिल्टरवर नको. पाणी निवळलं, रात्रीच्या टेस्टमध्ये १ च्या आत उतरलं, तर संपलं. मग क्लोरीन रोजच्या पातळीवर आल्यावरच लोकांना सोडा.

पावसाळा आणि लाइट गेल्यावर

जूनमध्ये पाहुणे कमी होतात म्हणून पंप बंद करून ठेवायचा मोह होतो, करू नका. ढगांमुळे क्लोरीन टिकतं हे खरं पण पावसाने सगळंच पातळ होतं, स्टॅबिलायझरसुद्धा, आणि शेजारच्या भातखाचरातून युरिया मिसळलेलं पाणी वाहत आलं तर शेवाळाला खतच मिळतं. पूलच्या कडेने पाणी बाहेरच्या बाहेर वळेल असा चर काढा. दर पावसानंतर मोजा. साठलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात डास अंडी घालतात ते वेगळंच. आणि पावसाळ्यात साफसफाईसाठी पूल पूर्ण रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकामा पूल खालून उचलला जाऊन तडकू शकतो, फायबरचा तर सरळ वर येतो. पाणी बदलायचं ते उन्हाळ्यात, तेही टप्प्याटप्प्याने.

आमच्याकडे पावसात लाइट दिवस दिवस जाते. तेव्हा संध्याकाळी लिक्विड क्लोरीन कडेकडेने, कोपऱ्यांत जास्त, आणि मग लांब दांड्याचा ब्रश घेऊन पाणी कोपऱ्यातून मधे ढकलायचं, २०-२५ मिनिटं, भिंतीवरून खाली आणि तळावरून मधे. पंपाएवढं होत नाही पण कोपऱ्यात औषध पोचतं. लाइट आली की पंप चालू करायच्या आधी स्ट्रेनरचं झाकण उघडून पाणी भरलेलं आहे का बघा, नसेल तर बादलीने भरा, कोरडा पंप चालला की सील जळतो आणि मग ४-५ दिवस मेकॅनिकची वाट बघत बसावं लागतं.